पांढऱ्या टेकडीवरचे बुजवलेले खड्डे

दसरा झाला की माझं डोकं फिरतं. घरातले ओळखून आहेत. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या आमच्या गल्लीत रंगाचे डबे हँडलला अडकवून दुचाक्या फिरू लागतात, शेजारणी पंखे पुसायला काढतात, कुणाच्या तरी अंगणात जुनी गादी उन्हात पडते, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी आपटते. नवरा म्हणतो, "आली वाटतं टेकडी." तो चेष्टेनं म्हणतो. मला ती चेष्टा वाटत नाही.

टेकडी म्हणजे माझ्या माहेरच्या गावची पांढरी टेकडी. गोंदियाहून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेवर दोन लहान स्टेशनं आहेत, त्यांच्या मधोमध ती आडवी पसरली आहे. स्टेशनांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. प्रकरण अजून सुरू आहे, आणि कागदावर एखादी गोष्ट लिहिली की तिचं काय होतं हे मला चांगलंच शिकवण्यात आलं आहे. अलीकडचं स्टेशन आणि पलीकडचं स्टेशन, एवढं पुरे. पलीकडच्या स्टेशनाला लागून आमचं गाव. रूळ टेकडीला वळसा घालून जातात आणि माणसं टेकडीवरून येतात. निदान यायची.

त्या टेकडीच्या माथ्यावर छुई आहे. छुई म्हणजे भिंती सारवायची पांढरी माती. ती रात्रभर माठात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, आणि त्याच फडक्याचा बोळा करून भिंतीवर हात फिरवायचा. ओली असते तोवर भिंत मळकट राखाडी दिसते. मी लहानपणी दरवर्षी घाबरायची, की या वेळी माती चुकीची आणली. मग जेवणं होईपर्यंत ऊन आत शिरायचं आणि भिंत हळूहळू पांढरी होत यायची. त्या वाळणाऱ्या भिंतीचा वास मी कुणाला सांगू शकत नाही. रंगाच्या डब्यांवर हल्ली सुगंधी वगैरे लिहिलेलं असतं, ते वाचून मला हसूही येत नाही.

आमच्या बाजूनं टेकडीचा चढ लांब आहे, अलीकडच्या स्टेशनाच्या बाजूनं आखूड. म्हणून गावच्या बायकांनी कधीतरी एक रीत पाडली. सकाळच्या पॅसेंजरनं रिकामी टोपली घेऊन एक स्टेशन मागं जायचं. तिथून आखूड चढ चढून माथा गाठायचा, माती काढायची, आणि भरली टोपली घेऊन लांब, सावकाश उतारानं चालत घरी. चढ रिकाम्या डोक्यानं आणि उतार भरल्या डोक्यानं. रेल्वे आली तेव्हा साहेब लोकांनी ती कशासाठी आणली असेल ती असो, आमच्या बायकांनी ती चढ वाचवायला वापरली. मला याचा अजून अभिमान वाटतो.

मला तिथं पहिल्यांदा नेलं ते मोठीमायनं. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. उंच, काटक, बोलायला तिखट. मी सात-आठ वर्षांची असेन. माझ्या डोक्यावर तिनं एक इवलंसं टोपलं ठेवलं होतं आणि त्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. टोपलं रिकामं होतं तरी मी मान ताठ धरून डब्यात बसले होते, आणि समोरच्या बाकावरची फुलनबाई हसून हसून बेजार झाली होती. फुलनबाई आमच्या गावातली गोंड बाई, मोठीमायची जोडीदारीण. दोघींचं एक मिनिट पटायचं नाही आणि एकीवाचून दुसरी टेकडी चढायची नाही.

ते दिवसच वेगळे असतात. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून उभा, आणि त्या उभ्या धानाच्या पायाशी ओल्यात फेकलेलं लाखोरीच्या डाळीचं बी नुकतं कोंब काढत असतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीला पिवळी फुलं. सकाळी गवतावर इतकं दव, की स्टेशनावर उतरून शंभर पावलं चाललं की लुगड्यांचे काठ भिजून पायांना चिकटायचे. मग येनाची आणि धावड्याची झाडं सुरू व्हायची, पायाखालचा लाल मुरूम हळूहळू फिका पडत जायचा, आणि एका वळणावर एकदम पांढरा. त्या वळणावर सगळ्या बायका का कोण जाणे गप्प व्हायच्या. चपला काढायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही काढल्या.

माती काढायची पद्धत ठरलेली होती. सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, वरचा थर फोडायचा, तो एका बाजूला नीट रचून ठेवायचा, खालची लोण्यासारखी माती हातानं काढायची. गुडघाभर खोल गेलं की बस. आणि मग मुख्य काम. रचून ठेवलेला थर परत आत ढकलायचा, वर दगड बसवायचे, दगडांवर गवताची ढेपळं लावायची, पायानं दाबायची. खड्डा बुजल्याशिवाय टोपलं उचलायचं नाही. एकदा मला भूक लागली होती आणि मी कुरकुर केली, तर मोठीमाय म्हणाली, "आपून घेऊन गेलो, तं मांगं तोंड उघडं टाकून जायाचं का? गाय पडन. माणूस पडन. अन् उघडी माती उन्हानं मरते, पुढच्या साली काय खरवडशीन, दगड?"

म्हणून त्या टेकडीवर कितीही पिढ्या खोदत आल्या तरी टेकडी टेकडीसारखीच राहिली. तुम्ही वर गेलात तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. आम्हाला दिसतं. कुठल्या ढेपळाचं गवत आजूबाजूच्या गवताहून थोडं कोवळं आहे, कुठे दगड जरा जास्तच नीट बसलेत. ते ओळखून बायका म्हणायच्या, इथे नको, ही जागा अजून झोपलेली आहे.

आता रागाचं सांगते.

गोंदियात मी एका कचेरीसमोरच्या दुकानात अर्ज टाइप करून देते. वीस वर्षं हेच काम. लोक येतात, आपली गाऱ्हाणी हिंदी-मराठीत मिसळून ओततात, आणि मी त्यातून "सविनय सादर" पासून "आपला विश्वासू" पर्यंतचा कागद काढते. कचेरीची भाषा मला माझ्या नवऱ्याच्या स्वभावाइतकी ठाऊक आहे. म्हणून गावच्या पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला, की टेकडीवरची पांढरी माती कुठल्याशा कारखान्यासाठी पट्ट्यानं द्यायची आहे, टेकडीला कुंपण पडेल, कुणाची हरकत असल्यास वापराच्या पुराव्यासह कळवावे, तेव्हा फुलनबाईच्या नातवानं त्या कागदाचा फोटो मला पाठवला आणि मी त्याच संध्याकाळी हरकतीचा अर्ज टाइप केला. चांगला केला होता. वाट किती जुनी, माती कशाला लागते, कोण कोण जातं, सगळं लिहिलं. खाली गावच्या बायकांच्या सह्या आणि अंगठे.

त्यावर उत्तर आलं की अमुक दिवशी स्थळपाहणी होईल. मी मोठीमायला फोन केला. म्हटलं, "साहेब येणार आहेत. सगळ्या जणी हजर राहा. आणि जरा नीटनेटकं ठेवा."

नीटनेटकं ठेवा. हे मी म्हणाले. दुसरं कुणी नाही, मी. वीस वर्षं पंचनाम्यांचे कागद हाताखालून गेलेली बाई, साहेब पुरावा पाहायला येणार म्हणून सांगते आणि वर म्हणते, नीटनेटकं ठेवा. माझ्या मनात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, गुटख्याच्या पुड्या होत्या. त्यांनी ऐकलं ते वेगळं. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर बाई काय करते ते त्यांनी केलं. दोन दिवस खपल्या. त्या वर्षीचे दोन-तीन खड्डे आधीच बुजवलेले होते, त्यांवरची ढेपळं पुन्हा नीट बसवली, फटी भरल्या, वर पाणी शिंपडलं, सुकी पानं पसरली. वळणावर फुटक्या टोपल्यांचा ढीग पडलेला असायचा, तो खाली नेऊन जाळला. दगडाला टेकवून ठेवलेली जुनी सब्बल घरी आणली. वापराची म्हणून जी काही खूण त्या टेकडीवर होती ती त्यांनी आपल्या हातांनी पुसून काढली, साहेबांना बरं दिसावं म्हणून.

साहेब आले. मी तिथे नव्हते, दुकान सोडता आलं नाही. नंतर फुलनबाईनं सांगितलं, सांगताना तिचा चेहरा फुलला होता. साहेब माणूस चांगला होता. चहा प्यायला. वरपर्यंत चढला, घाम पुसला, फोटो काढले आणि म्हणाला, "टेकडी फार स्वच्छ ठेवली तुम्ही." बायका खूश. मग त्यानं विचारलं, "रोज येता का इथे?" त्यावर मोठीमाय म्हणाली, "रोज कायले येऊ? रिकामी हावो का आमी? काम असलं तं येतो."

अहवालाची प्रत मीच दुकानातून समोर कचेरीत जाऊन आणली. स्थळावर उत्खननाच्या अथवा वहिवाटीच्या कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत. उपस्थित महिलांच्या सांगण्यानुसार नियमित वापर नाही. मी तो कागद दुकानातल्या स्टुलावर बसून तीनदा वाचला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं, उद्या या.

वापर म्हणजे काय, हे कुणी ठरवलं? दिवाळीही रोज येत नाही, म्हणून तिला कुणी वापर नाही असा शेरा मारत नाही. ज्यानं जागा ओरबाडून, खणून, टायरांच्या चाकोऱ्या पाडून ठेवली, त्याचा वापर दिसतो. ज्यानं घेतलं तेवढंच घेतलं आणि मागे झाकून ठेवलं, तो तिथे नव्हताच. कारखान्याचं यंत्र एकदा वर चढलं की वापराच्या खुणा जीपमधूनसुद्धा दिसतील, हातच्या काकणाला आरसा लागणार नाही. आणि ती यंत्रं आणणाऱ्यांना कुणी विचारणार नाही, की बाबांनो, खड्डा बुजवला का. मला याचा संताप येतो. अजून येतो. लिहितानाही हात जड पडतो आहे.

मोठीमायला मी अहवाल वाचून दाखवला. ती म्हणाली, "असा कसा लिवला त्यानं? चा पेला ना बाप्पा माह्या हातचा." एवढंच. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

मी फेरविचाराचा अर्ज टाइप केला आणि ठरवलं की या वेळी पुरावा असा द्यायचा की कुणाची छाती होऊ नये नाही म्हणायची. गेल्या वर्षीचा हाच मोसम. दुकान बंद करून पहाटेच्या गाडीनं निघाले. अलीकडच्या स्टेशनावर मोठीमाय, फुलनबाई आणि आणखी सात-आठ जणी आधीच्या गाडीनं येऊन बाकावर बसल्या होत्या. मोठीमाय आता वाकली आहे. तिच्या डोक्यावर मी टोपलं ठेवू दिलं नाही, त्यावरून फलाटावरच आमचं भांडण झालं.

चढ तोच होता. दव तेच. येनाच्या झाडांवर मात्र लाल रंगाचे आकडे घातले होते, आणि माथ्यावर सिमेंटचे खांब रोवून झाले होते, तार अजून लागायची होती. पांढरी माती सुरू होते त्या वळणावर बायकांनी चपला काढल्या. खांबांच्या ओळीतून अनवाणी पलीकडे जाताना त्या जराशा वाकल्या, तार नव्हती तरी वाकल्या.

माती काढून झाली. फुलनबाईनं सवयीनं दगड उचलला.

"राहू द्या," मी म्हटलं. "या वेळी बुजवायचा नाही. उघडाच ठेवायचा. मी फोटो काढते, अर्जाला जोडायचे आहेत."

फुलनबाई दगड हातात धरून मोठीमायकडे पाहू लागली. मोठीमाय म्हणाली, "फोटू काढ. मंग बुजवतो."

"नाही. ते पुन्हा पाहायला येतील. तेव्हा दिसला पाहिजे."

"अन् तवापर्यंत?"

"तोवर उघडा."

"गाय पडली तं?"

मी म्हटलं, आजूबाजूला काटे टाकू. म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. म्हटलं, टेकडीच गेली तर गाय कुठे चरणार आहे. सगळं खरं होतं आणि सगळं मी कचेरीच्या भाषेत बोलत होते. शेवटी मी आवाज चढवला. "तुमच्या या नीटनेटकेपणानंच घात केला," असं म्हणाले. हे वाक्य मला परत घेता आलं तर मी काहीही देईन.

मोठीमायनं दगड फुलनबाईच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. मी फोटो काढले, खड्ड्याचे, सब्बलीचे, तिचे. मग आम्ही उतरलो. उतारावर नेहमी गाणी असायची, गाऱ्हाणी असायची, सुनांची उणीदुणी असायची. त्या दिवशी फक्त टोपल्यांची करकर ऐकू येत होती. खाली कापलेल्या धानाचे ढीग रचून ठेवलेले दिसत होते, तणसाचा वास वाऱ्यावर होता, आणि एवढ्या सुंदर सकाळी मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या उभ्या जन्मात न केलेली गोष्ट करायला लावून घरी नेत होते. गाव आलं तेव्हा ती म्हणाली, "मले बरं नाई वाटून राहिलं रेखा."

फोटो अर्जाला जोडले. प्रत्येकाच्या खाली नाव, गाव, तारीख टाइप केली. पुन्हा पाहायला कुणी आलं नाही. उन्हाळ्यात नोटीस आली. मोठीमायच्या नावानं. आपण सदर टेकडीवर विनापरवाना उत्खनन करून खड्डा उघड्या अवस्थेत सोडला, त्यामुळे जनावरांच्या जिवास धोका निर्माण झाला, आपल्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा. सोबत माझेच फोटो.

खड्डा बुजवला तर वापर नाही, उघडा ठेवला तर गुन्हा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असली ही कागदांची जात. मी त्या दिवशी दुकानात खूप बोलले. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "दीदी, बीपी बढ़ जाएगा." वाढू दे म्हटलं.

आणि मोठीमायनं नोटीस ऐकून काय म्हणावं? "हे तं खरं लिवलं त्यानं. उघडाच ठेवला ना आपून."

सुनावणी मागच्या आठवड्यात झाली. गावाहून गाडीनं आलेल्या बायकांचा घोळका पाहून दारावरचा शिपाई म्हणाला, एकच जण आत. मी म्हटलं, त्यांना नीट ऐकू येत नाही, मी सोबत येते. खोटं होतं. फुलनबाई काहीही न विचारता मागोमाग आत आली. बाकीच्या दारात दाटल्या.

साहेब आता दुसरे होते, तरुण. मोठीमायला मी वाटेत दहादा बजावलं होतं की कबूल काही करायचं नाही, मी बोलेन. साहेबांनी फोटो पुढे सरकवला.

"हा खड्डा तुम्ही खोदला?"

"हो साहेब."

मी तिचा पदर ओढला.

"उघडा तुम्हीच सोडला?"

"हो. चूक झाली. गाय पडली असती." तिनं माझा हात झटकला. "पर साहेब, एवढाच उघडा राहिला. बाकीचे समदे बुजवले आमी."

साहेबांनी मान वर केली. "बाकीचे कुठले?"

"दरसालचे. नवी नवरी होऊन आली तवापासून. माही सासू खोदे, तिची सासू खोदे. समदे बुजवले. पाह्याचे असन तं चला, दाखवतो कुठं कुठं हायेत ते."

साहेबांनी कारकुनाला सांगायला सुरुवात केली. सदर महिलेनं कबूल केलं की विवाहानंतर आजतागायत दरवर्षी आणि तत्पूर्वी तिच्या घरातील महिलांनी पिढ्यान्पिढ्या सदर टेकडीवर. टाइप होण्याचा आवाज येत होता. मी पदर सोडला. दोन वर्षं ज्या एका ओळीसाठी मी अर्जामागून अर्ज केले, ती ओळ माझ्यासमोर सरकारी कागदावर उमटत होती, सरकारी माणसाच्या तोंडून, गुन्ह्याची कबुली म्हणून. आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की डोळ्यांसमोरची अक्षरं हलू लागली. खरं बोलणाऱ्या बाईला खरी ठरायला आधी गुन्हेगार व्हावं लागतं, हा कुठला न्याय?

तेवढ्यात फुलनबाई पुढे झाली. "अन् माहं नाव काऊन नाई त्यात?"

"नोटीस यांना आहे," साहेब म्हणाले.

"तिनं एकटीनं खोदला का? सब्बल कोणाची व्हती? इचारा तिले. लिवा माहं नाव."

दारातून आवाज आला, "माहंबी लिवा." मग आणखी एक. शिपाई त्यांना मागे सारत होता आणि त्या त्याच्या हाताखालून आत येत होत्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता, हे मला कबूल करायला हवं. ते सावकाश, समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्हाला कळतंय का, हा गुन्हा लिहिला जातो आहे?"

"कळते ना," फुलनबाई म्हणाली. "तुमी लिवा."

कारकून माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, नावं तुम्ही सांगा, यांचं बोलणं पकडता येत नाही." मी टेबलाजवळ गेले आणि एकेक नाव पूर्ण, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, सावकाश सांगत गेले. तो टाइप करत गेला. सगळ्या झाल्या, दारातल्यासुद्धा, तेव्हा त्यानं विचारलं, "बस?"

"एक राहिलं," मी म्हटलं, आणि माझं नाव सांगितलं.